माउंट रोडवरचे हॉलिवूड

(हीरकमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजी चित्रपट चालू असलेल्या प्रेक्षागृहात एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. पडद्यावर एखादे चुरचुरीत वाक्य येते, पुढच्या रांगा खळखळून हसतात, आणि कडेच्या खुर्चीवर बसलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी क्षणभर थांबतो, इतरांकडे पाहतो आणि मग हसतो. तो क्षण फार लहान असतो, परंतु त्या मुलाला तो पुष्कळ काळ आठवत राहतो. जगातले जे जे उत्तम ते सारे दुसऱ्याच भाषेत आहे आणि आपण त्याच्या दाराबाहेर उभे आहोत, अशी एक समजूत त्या क्षणी मनात रुजते. पुढे तोच मुलगा पालक होतो आणि अपत्यासाठी शाळा निवडू लागतो, तेव्हा ती जुनी समजूत हळूच त्याच्या शेजारी येऊन बसते. मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवात हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांविषयी बोलण्याचे प्रयोजन या क्षणात आहे.

हॉलिवूडच्या चाहत्यांचे गाव म्हटले की महाराष्ट्रात मुंबईची रीगल, इरॉस, मेट्रो ही नावे प्रथम ओठांवर येतात. आजचे विवेचन मात्र चेन्नईविषयी, म्हणजे पूर्वीच्या मद्रासविषयी आहे. स्वभाषेच्या बाबतीत इतके जागरूक शहर भारतात विरळाच. १९६५ साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध उसळलेल्या आंदोलनाने त्या राज्याचे राजकारण कायमचे बदलून टाकले. नवल असे, की ज्या शहराने आपल्या तमिळला तळहातावरच्या फोडासारखे जपले, त्याच शहराने हॉलिवूडच्या चित्रपटांवर आणि ताऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला. परक्या कलेवरचे प्रेम आणि स्वभाषेची निष्ठा ही दोन्ही एका घरात कशी नांदली, हे पाहण्यासारखे आहे.

या कथेचा रंगमंच म्हणजे माउंट रोड, आजचा अण्णा सालै. वॉरविक मेजर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९१३ मध्ये तेथे ‘इलेक्ट्रिक थिएटर’ उभारले. त्याची इमारत आजही टपाल कार्यालयाच्या आवारात उभी असून तेथे तिकीटसंग्राहकांसाठी दालन आहे. पुढे या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास एल्फिन्स्टन, ग्लोब, कॅसिनो अशी चित्रपटगृहे आली; जॉर्ज टाउनच्या गजबजाटात मिनर्व्हा होते. १९६४ मध्ये ‘सफायर’ संकुल उघडले. सफायर, ब्ल्यू डायमंड आणि एमराल्ड अशी तीन चित्रपटगृहे तेथे एकाच छपराखाली होती. एलिझाबेथ टेलरच्या ‘क्लिओपात्रा’ने सफायरचा पडदा उजळला. त्यांतील ब्ल्यू डायमंडची रीत निराळी होती. तेथे खेळ सकाळपासून अखंड चाले. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाने केव्हाही आत जावे आणि मन भरेपर्यंत बसावे. ज्यांना इंग्रजी बेताचेच येत असे, त्यांना ही सोय म्हणजे वरदानच होते. पहिल्या खेपेस निसटलेले वाक्य दुसऱ्या खेपेस पकडता येई.

परंतु सगळीच वाक्ये पकडावी लागत होती का? येथे जुन्या हॉलिवूडचा खरा मोठेपणा लक्षात घेतला पाहिजे. ज्या कलावंतांनी ते चित्रपट घडवले त्यांतील बहुतेकांची उमेदवारी मूकपटांच्या काळात झाली होती. शब्दावाचून सांगायचे कसे, हे ते प्रथम शिकले. शब्द त्यांच्या हाती नंतर आला. म्हणून त्यांच्या बोलपटांतही अर्थाचा मोठा भार चेहरा, हालचाल, प्रकाश आणि सावली यांनी उचललेला असतो.

चार्ली चॅप्लिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९२७ नंतर बोलपटांची लाट आली. सारे हॉलिवूड बोलू लागले असता चॅप्लिनने १९३१ मध्ये ‘सिटी लाइट्स’ हा चित्रपट संवादांवाचून काढण्याचे धाडस केले. एका आंधळ्या फुलवालीचा समज असा, की आपल्याला मदत करणारा मनुष्य कोणी श्रीमंत आहे. प्रत्यक्षात तो फाटक्या कपड्यांतला भटक्या. त्याच्याच पैशाने तिला दृष्टी येते. अखेरच्या प्रसंगी ती त्या केविलवाण्या माणसाला दया म्हणून फूल आणि नाणे देऊ करते, त्याचा हात हातात घेते, आणि जे डोळ्यांना ओळखता आले नाही ते तिच्या बोटांना कळते. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि संकोच एकाच वेळी दाटतात. येथे कोणत्याही प्रेक्षकाला शेजाऱ्याकडे पाहावे लागत नाही. लंडनचा, मद्रासचा आणि सांगलीचा प्रेक्षक एकाच निमिषाला गहिवरतो.

ग्रेटा गार्बोच्या ‘क्वीन क्रिस्टिना’ या १९३३ च्या चित्रपटाचा शेवट तितकाच स्मरणीय आहे. राज्य सोडलेली, प्रियकर गमावलेली राणी जहाजाच्या टोकाशी उभी असते आणि कॅमेरा सावकाश तिच्या चेहऱ्याजवळ जातो. दिग्दर्शक रूबेन मामूलियन याने गार्बोला सांगितले होते, की मनात काहीही आणू नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव. प्रेक्षक त्या कोऱ्या चेहऱ्यावर आपापले दुःख वाचत आले आहेत. एरॉल फ्लिनच्या ‘रॉबिन हूड’मध्ये, १९३८ साली, नायक आणि खलनायक तलवारी खणखणवत चौकटीबाहेर जातात आणि भिंतीवर केवळ त्यांच्या प्रचंड सावल्या लढत राहतात. ‘कॅसाब्लांका’ (१९४२) मध्ये एका उपाहारगृहात जर्मन अधिकारी आपले गीत गाऊ लागतात. त्यावर फ्रेंच राष्ट्रगीत सुरू होते आणि हळूहळू सारी खोली त्याच्या बाजूने उभी राहते. गीत फ्रेंच आहे, चित्रपट इंग्रजी आहे, आणि पाहणाऱ्याला दोन्ही भाषा येत नसल्या तरी छाती भरून येते. त्या प्रसंगातील अनेक नट खरोखरच युरोपातून परागंदा झालेले होते. त्यांच्या डोळ्यांतले पाणी अभिनयापलीकडचे असावे, असे तो प्रसंग पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

आणखी एक गोष्ट इंग्रजीच्या धास्तीने ग्रासलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. ज्यांना आपण हॉलिवूड म्हणतो त्यांतील कितीतरी थोर मंडळींची मातृभाषा इंग्रजी नव्हती. गार्बो स्वीडनची. बोलपट आले तेव्हा तिच्या उच्चारांचे कसे होणार ही चिंता होती. १९३० च्या ‘ॲना क्रिस्टी’मध्ये तिने आपल्या स्वीडिश वळणाचेच इंग्रजी बोलून दाखवले आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने स्वीकारले. ‘कॅसाब्लांका’ची नायिका इंग्रिड बर्गमन हीही स्वीडनची, आणि दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचा. बिली वाइल्डर १९३४ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. त्याच वाइल्डरने पुढे त्या भाषेतील पटकथालेखनासाठी तीन ऑस्कर पारितोषिके मिळवली. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ आणि ‘द अपार्टमेंट’ यांतील संवादांची लखलखती धार एका परभाषक लेखकाची आहे. पोरवयात घरी एक भाषा पक्की झालेली असणे, हा त्यांच्यापैकी कोणाच्याही मार्गातील अडसर ठरला नाही.

आता नेमकी उलट दिशेने घडलेली हकीकत. हॉलिवूडचे चित्रपट मद्रासला येत होते, त्याच काळात हॉलिवूडच्या परिसरात शिकलेला एक अमेरिकन तरुण स्वतःच मद्रासला आला. त्याचे नाव एलिस आर. डंगन. १९०९ मध्ये ओहायो राज्यातील बार्टन या गावी त्यांचा जन्म झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ते चित्रपटकला शिकले. तेथील सहाध्यायी माणिकलाल टंडन यांच्या निमंत्रणावरून १९३५ मध्ये ते भारतात आले, आणि काही काळ पाहुणा म्हणून आलेला हा तरुण पंधरा वर्षे येथे राहून तमिळ चित्रपटांचे दिग्दर्शन करीत राहिला. त्यांना तमिळ येत नव्हते आणि शेवटपर्यंत आले नाही.

डंगन आले तेव्हा तमिळ बोलपट बाल्यावस्थेत होता. सुरुवातीच्या बोलपटांची वाट तर मद्रासबाहेरच्या स्टुडिओंतून गेली होती. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ‘प्रभात’नेही ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट काढला होता. त्या काळचे चित्रपट म्हणजे बहुधा नाटकाचेच चित्रण असे. कॅमेरा समोर स्थिर, नट ओळीने उभे, आणि गाण्यांमागून गाणी. डंगन यांनी कॅमेऱ्याला पाय दिले. प्रसंगांचे लहान तुकडे करणे, चेहऱ्याजवळ जाणे, आधी कागदावर दृश्यांचा नीट आराखडा करणे, या हॉलिवूडच्या शिस्ती त्यांनी मद्रासमध्ये रुजवल्या. १९३६ मध्ये त्यांचा ‘सती लीलावती’ प्रदर्शित झाला. एस. एस. वासन यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात मद्यपानाने होणारा संसाराचा नाश दाखवला होता. त्यातील पोलीस निरीक्षकाच्या छोट्या भूमिकेत एक नवखा तरुण प्रथमच पडद्यावर आला. तो म्हणजे एम. जी. रामचंद्रन, पुढे लाखो तमिळांचे दैवत झालेले आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपदी आरूढ झालेले एम.जी.आर.

भाषा न येणाऱ्या दिग्दर्शकाने काय पाहिले असेल? त्याने तेच पाहिले, जे कडेच्या खुर्चीवरचा तो मुलगा इंग्रजी चित्रपटात पाहतो. शब्दांचा आधार नसल्यामुळे त्याची नजर चेहऱ्यावर खिळली. याचा सर्वांत सुंदर पुरावा ‘मीरा’ या चित्रपटात सापडतो. १९४५ मध्ये तमिळमध्ये आणि १९४७ मध्ये हिंदीत आलेल्या या चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी मीराबाईची भूमिका केली. हिंदी आवृत्तीच्या आरंभी सरोजिनी नायडू यांनी प्रेक्षकांना त्यांची ओळख करून दिली आहे. चित्रीकरणापूर्वी डंगन यांनी सुब्बुलक्ष्मींच्या मुखाची प्लास्टरची प्रतिकृती घडवून घेतली. छायालेखक जितेन बॅनर्जी यांच्यासह त्यांनी त्या प्रतिकृतीवर निरनिराळ्या कोनांतून, कमीअधिक तीव्रतेचा प्रकाश टाकून पाहिला. कोणत्या बाजूने दिवा ठेवला असता मुद्रेवर भक्तीची आर्तता उतरते, नाकाची सावली कोठे पडली म्हणजे डोळे खोल भासतात, याचा त्यांनी आधी अभ्यास केला आणि मगच त्या साक्षात् गायिकेला दिव्यांसमोर उभे केले. गार्बोचा चेहरा जगाला ज्या काळजीने दाखवला गेला, त्यामागे विल्यम डॅनियल्स हा छायालेखक होता. तीच काळजी मद्रासमध्ये एका कर्नाटक संगीताच्या गायिकेच्या वाट्याला आली. सुब्बुलक्ष्मी पुन्हा चित्रपटाकडे वळल्या नाहीत. त्यांचा स्वर अमर आहेच. त्या वयातील त्यांची मुद्रा ‘मीरा’मुळे राहिली.

हॉलिवूडचे आणखी एक दान मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत पोत्यांनी उतरत असे. ते म्हणजे ‘पॅनकेक’ नावाचे मॅक्स फॅक्टरचे रंगभूषेचे द्रव्य. थोर तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी जेमिनीत अनेक वर्षे नोकरी केली होती. आपल्या आठवणींत त्यांनी तेथील रंगभूषा विभागाचे मोठे खट्याळ वर्णन केले आहे. भोवताली आरसे, चहूकडून अंगावर येणारे झगझगीत दिवे, आणि त्या उकाड्यात नटांच्या तोंडाला थापला जाणारा पॅनकेकचा लेप. या विभागाचा प्रमुख आधी एक बंगाली होता; तो गेल्यावर ती जागा एका महाराष्ट्रीय गृहस्थाने घेतली, आणि त्याच्या हाताखाली धारवाडचा कानडी, आंध्रचा तेलुगू, मद्रासचा ख्रिस्ती, ब्रह्मदेशातील अँग्लो-बर्मी आणि स्थानिक तमिळ अशी मंडळी होती. हॉलिवूडमध्ये तयार झालेले द्रव्य, ते लावणारा मराठी हात आणि त्याखालचा तमिळ चेहरा! राष्ट्रीय एकात्मतेवरील भाषणांना जे साधत नाही ते त्या खोलीत रोज सकाळी घडत असे.

जेमिनीचे सर्वेसर्वा एस. एस. वासन यांनी १९४८ मध्ये ‘चंद्रलेखा’ सादर केला. भव्यतेत हॉलिवूडला मागे टाकायचे, या ईर्षेने तो घडवला होता. त्यातील नगाऱ्यांवरील नृत्य आजही डोळे दिपवते. प्रचंड नगारे मांडलेले, त्यांवर शेकडो नर्तिकांचे पदन्यास, आणि नृत्य संपताच त्या नगाऱ्यांच्या पोटातून बाहेर पडणारे सशस्त्र सैनिक. हॉलिवूडच्या बस्बी बर्कलीने ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’सारख्या चित्रपटांत नर्तिकांच्या समूहातून भूमितीच्या आकृती उमलवल्या होत्या. वासन यांच्या नृत्यात तीच शिस्त आहे, पण ताल आणि कथेतील डाव अस्सल इथल्या मातीचे आहेत. ‘चंद्रलेखा’ हिंदीतही निघाला आणि दक्षिणेच्या चित्रपटाला उत्तरेची दारे उघडली. स्टुडिओ काळाच्या ओघात गेला, पण त्याच्या जागेजवळील उड्डाणपुलाला चेन्नईकर आजही जेमिनीचा पूल म्हणतात.

एम.जी.आर. यांच्याकडे पुन्हा वळू या. रोनाल्ड कोलमनने दुहेरी भूमिका केलेला ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ १९३७ मध्ये आला होता. हुबेहूब राजासारखा दिसणारा परका मनुष्य राजाच्या जागी बसतो, ही त्याची कथा. एम.जी.आर. यांनी तिचा धागा घेऊन १९५८ मध्ये ‘नाडोडी मन्नन’, म्हणजे भटका राजा, हा चित्रपट स्वतः निर्माण केला आणि दिग्दर्शितही केला. मूळ चित्रपटात राजाच्या जागी आलेला मनुष्य राजाचे सिंहासन राखतो आणि प्रेमाचा त्याग करून निघून जातो. एम.जी.आर. यांचा तोतया राजा मात्र सिंहासनावर बसून गरिबांच्या हिताचे कायदे मांडतो. एकच कथा, पण एका समाजाला तिच्यात राजनिष्ठा दिसली आणि दुसऱ्याला लोकसत्तेचे स्वप्न दिसले. असे काही घडते तेव्हा त्याला नक्कल म्हणता येत नाही.

नकलाही पुष्कळ झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हॉलिवूडचा प्रसंग उचलायचा, नावे बदलायची आणि मध्ये गाणी पेरायची, एवढ्यावर अनेकांनी आपली दुकाने चालवली. त्यांतील बहुतेक चित्रपट विस्मृतीत गेले. टिकले कोणते, याचा विचार केला असता एक गोष्ट ठळकपणे समोर येते. डोळ्याने उचललेले जेथे स्वभाषेत नव्याने रुजले, तेवढेच टिकले. डंगन यांच्याच ‘अंबिकापती’ (१९३७) या चित्रपटात प्रेमप्रसंग रंगवताना त्यांच्यासमोर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा आदर्श होता. परंतु कवी कंबनाच्या पुत्राची आणि राजकन्येची ती प्रीती प्रेक्षकांच्या काळजाला भिडली ती इलंगोवन यांच्या तमिळ संवादांमुळे आणि एम. के. त्यागराज भागवतर यांच्या गळ्यामुळे. १९५० च्या ‘मंदिरी कुमारी’त, म्हणजे ‘मंत्रिकन्ये’त, कॅमेरा डंगन यांच्या शिस्तीत वाढलेला होता, आणि शब्द एम. करुणानिधी यांचे होते. लोक ते संवाद ऐकायला आले. परक्या दिग्दर्शकाची नजर कितीही तयार असली तरी तमिळ ओठांवर तमिळ वाक्य ठेवणारा लेखक मिळाल्यावाचून त्या नजरेचे सार्थक झाले नसते.

मराठीला हा अनुभव नवा नाही. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून हॉलिवूडने १९६४ मध्ये ‘माय फेअर लेडी’ हा डोळ्यांचे पारणे फेडणारा चित्रपट काढला. ऑड्री हेपबर्नने त्यात रंगवलेल्या फुलवालीला एक भाषाशास्त्रज्ञ शुद्ध इंग्रजी बोलायला शिकवतो. तीच नाट्यकथा पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ या रूपाने मराठीत आणली, आणि भक्ती बर्वे यांच्या मुखातून मंजुळा बोलू लागताच ती लंडनची पोरगी होती हे कोणाला आठवेनासे झाले. कथेचा विषयच मुळी असा, की उच्चारांवरून माणसाची किंमत ठरवणारा समाज किती उथळ असतो. इंग्रजी उच्चारांच्या भयाने आपल्या मुलांना मराठीपासून दूर नेणाऱ्या काळाने तर हे नाटक पुन्हा पुन्हा पाहावे.

देवाणघेवाणीचा हा मार्ग एकेरी नव्हता, याचे एक गोड उदाहरण तमिळ रंगभूमीवर आहे. सी. एन. अण्णादुराई यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनावर तमिळमध्ये एक नाटक लिहिले. त्यात महाराजांची भूमिका व्ही. सी. गणेशन या तरुण नटाने केली. ती पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्याला ‘शिवाजी’ ही पदवी दिली आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन झाला. १९६० मध्ये कैरो येथील आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’मधील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून त्याचा गौरव झाला. सह्याद्रीतील राजाचे नाव एका तमिळ कलावंताने नाईल नदीपर्यंत नेले. त्या नावाने तमिळ भाषेचे काही उणे झाले नाही, आणि मराठीचेही झाले नाही.

हॉलिवूडवरील प्रेमाचे सर्वांत चांगले फळ कोणते, असा प्रश्न चेन्नईला विचारला तर ती कदाचित रँडॉर गाय यांचे नाव घेईल. रंगदोरै या आपल्या मूळ नावाला इंग्रजी वळण देऊन त्यांनी हे लेखननाम घेतले होते. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा मनुष्य चित्रपटांच्या नादी लागला, आणि त्यांपैकी हॉलिवूडच्या इतिहासावर त्यांचे विशेष प्रेम होते. परंतु त्यांनी आयुष्य वेचले ते जुन्या तमिळ चित्रपटांच्या नोंदी जमवण्यात. कोणता चित्रपट कधी आला, त्यात कोण होते, तो कोणत्या कथेवरून घेतला, हे त्यांनी दैनिकातील सदरांतून वर्षानुवर्षे लिहिले. कित्येक चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. त्यांची स्मृती अशा लेखनाने राखली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. दूरदेशीचे उत्तम पाहिलेल्या माणसाला घरच्या ठेव्याची किंमत अधिक कळते, याचा हा जिवंत दाखला होता. डंगन १९५० मध्ये अमेरिकेला परतले, वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे स्थायिक झाले आणि २००१ मध्ये वारले. त्यांच्या मद्रासपर्वावर करण बाली यांनी २०१३ मध्ये माहितीपट केला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

सफायर आता उरलेले नाही. ग्लोब नाही, एल्फिन्स्टन नाही. ब्ल्यू डायमंडचा तो अखंड चालणारा खेळही थांबला. तथापि त्या अंधारात बसून जे शिकले गेले ते चेन्नईच्या चित्रपटांत आजही दिसते. तेथील प्रेक्षकाने इंग्रजी येत नाही म्हणून दार लोटून घेतले नाही, आणि इंग्रजी आवडले म्हणून घर बदलले नाही. त्याने पाहिले, मनात साठवले आणि घरी येऊन आपल्या भाषेत सांगितले.

विद्यार्थी मित्रहो, पुढे कधी एखाद्या प्रेक्षागृहात, व्याख्यानात किंवा परगावच्या महाविद्यालयात इतर हसल्यानंतर क्षणभराने हसण्याची पाळी येईल. त्या क्षणाची लाज बाळगू नये. वाक्य निसटले असेल तर ते दुसऱ्या खेपेस कळेल. त्यासाठी थोडा वेळ बसून राहण्याची चिकाटी तेवढी हवी, आणि इंग्रजी भाषा मन लावून शिकायलाही हवी. पण त्या एका क्षणात इतरांनी शब्द ऐकला, तेव्हा तुमची नजर चेहऱ्यावर होती. ती नजर मोलाची आहे. एका अमेरिकन तरुणाने तेवढ्याच भांडवलावर तमिळ मुलखात ‘मीरा’ घडवली. तुम्ही जे पाहाल ते एके दिवशी मराठीत सांगा, म्हणजे या शाळेने इतकी वर्षे तेवत ठेवलेल्या दिव्यात तेवढेच तेल पडेल.

हीरकमहोत्सवानिमित्त शाळेला, तिच्या आजी-माजी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.